खोडलेलं वाक्य

मे महिना अर्धा सरला की आमच्या कोपरखैरण्यात भिंतींवर कागद चिकटू लागतात. क्लासच्या जाहिराती, पाण्याच्या टाक्या धुऊन देणाऱ्यांचे फोन नंबर, आणि त्यांच्या मधेच कुठेतरी धोकादायक इमारतींची यादी. ती वाचायला मुद्दाम कोणी थांबत नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेता घेता माणूस तिरक्या डोळ्यांनी आपल्या बिल्डिंगचं नाव शोधतो, आणि ते नाही असं दिसलं की पुढे जातो. यंदाही यादी लागली. मी चष्मा घरी विसरले होते, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

या दिवसांत हवा हलत नाही. खाडीकडून खारट, ओलसर वास येतो. दुपारनंतर त्यात ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडच्या कारखान्यांचा उग्र वास मिसळतो. दोरीवरचे कपडे वाळतात, पण हाताला कोरडे लागत नाहीत. पावसाआधी मीटिंगा उरकायच्या म्हणून सोसायट्यांच्या ऑफिसातून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर निघतात, आणि संध्याकाळी कुठूनतरी आवाज येतो, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.” पूर्वी हा आवाज ऐकला की माझे कान टवकारायचे. कोण बोलणार, कसं बोलणार, सुरुवात कशी करणार, सगळी उत्सुकता. हल्ली मी खिडकी लावून घेते आणि पंखा वाढवते.

आमच्याकडे मूल दोन पायांवर उभं राहिलं की त्याला जयंतीच्या स्टेजवर उभं करतात. मला केलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील गोदीत कामाला होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन आधी माझं भाषण ऐकायचे, मग चहा. “शब्द गिळू नकोस,” म्हणायचे. “आपल्या आज्या-पणज्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. तुला मिळालीय, तर नीट बोल.” एप्रिलच्या उन्हात, पांढऱ्या साडीतल्या शंभर बायकांसमोर, डोक्यावर निळी रिबन बांधून मी बोलले, आणि खाली उतरले तेव्हा एका अनोळखी बाईने माझा मुका घेतला. भाषण म्हणजे आमच्या घरात करमणूक नव्हती. ते कमावलेलं होतं, आणि ते चांगलं करणं हे कर्ज नव्हे, तर मान होता.

पुढे मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांना मुलं बसवली. माझे नियम ठरलेले होते. पहिलं वाक्य पाठ, शेवटचं वाक्य पाठ, मधलं देव सांभाळतो. देवावर माझा विश्वास नाही, पण मुलांना हे पटकन कळायचं. बोलताना कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळे माणसाला गोंधळात टाकतात. शेवटच्या रांगेवरच्या पंख्याकडे बघायचं. आवाज कापला तर डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत घट्ट धरायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, शेवटी शंका सोडायची नाही. ऐकणारा घरी जाताना शेवटचंच वाक्य बरोबर नेतो. हे सगळं मी इतक्या मुलांना इतक्या वेळा सांगितलं की शाळेत मागून माझी नक्कल व्हायची. मला ते माहीत होतं. मला ते आवडायचंही.

माझ्या खिडकीतून समोर आता पत्र्यांचं कुंपण दिसतं. आत गवत वाढलंय, आणि एक पपईचं झाड आपलं आपण उगवून चांगलं पुरुषभर उंच झालंय. तीन वर्षांपूर्वी तिथे चार मजली बिल्डिंग होती, सोळा घरांची. शंकरराव जाधव तिचे सेक्रेटरी.

शंकरराव मूळचे साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी. पहाटे निघायचे, दुपारी परत यायचे. खांदे असे रुंद की जिन्यात समोरून कोणी आलं तर ते आडवे होऊन वाट द्यायचे. सेक्रेटरी झाले ते हौसेने नव्हे. कोणालातरी व्हायचं होतं आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही. तो असाच मे महिना होता. एका दुपारी त्यांची बायको शालनताई त्यांना घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. घेऊनच म्हणायचं, कारण शंकरराव त्यांच्या मागे लपायचा प्रयत्न करत होते, आणि शालनताई तर जेमतेम त्यांच्या छातीपर्यंत येणाऱ्या.

“म्याडम, ह्यास्नी जरा बोलाया शिकवा,” त्या म्हणाल्या. “रविवारी मिटिंग हाय. घरात लय बोलत्यात, पर मानसांम्होरं गेलं की दातखीळ बसती.”

“दोन पोती एकदम उचलतो म्याडम,” शंकरराव मागून म्हणाले. “पर त्यो माइक काय उचलत न्हाई.”

मी हसले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि दारात मुलं यायची कमी झाली होती. कोणीतरी मुद्दाम चालत येऊन मला काही विचारतंय, याचाच आनंद इतका झाला की कशाबद्दल बोलायचंय हे मी चहा झाल्यावर विचारलं.

गोष्ट अशी होती. एका तरुण इंजिनिअरने त्यांची बिल्डिंग तपासली होती. मागच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळच्या खांबांना उभ्या चिरा पडल्या होत्या. त्याने त्या चिरांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, बोटभर रुंदीच्या, आणि कमिटीला सांगितलं की काच शाबूत आहे तोवर खांब जागेवर आहे. काच तडकली की समजा खांब हलला. मग कोणाला विचारत बसू नका, माणसं बाहेर काढा. त्याचं स्वतःचं मत होतं की पावसाआधीच घरं रिकामी करावीत. कमिटीतल्या तिघांनी ठरवलं, लोखंडी टेकू लावून दिवाळीपर्यंत काढू. एकदा बाहेर पडलो की परत आत कोण घेतो, ही भीती चिरेपेक्षा मोठी होती. शिवाय मुलांच्या शाळा, म्हातारी माणसं. पण निम्मी घरं जायच्या बेतात होती, आणि निम्मी गेली तर उरलेल्यांना दुरुस्ती झेपणार नव्हती. तेव्हा लोकांना थांबवायचं, हे शंकररावांचं काम. आणि शंकररावांना बोलतं करायचं, हे माझं.

तुमचं मत काय, असं मला कोणी विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही. आमच्या स्पर्धांमध्ये चिठ्ठी उचलायची पद्धत असायची. चिठ्ठीत ‘बाजूने’ निघालं की बाजूने बोलायचं, ‘विरुद्ध’ निघालं की विरुद्ध, आणि दोन्हीकडून तितक्याच तळमळीने बोलता आलं तर ढाल आपली. एकतीस वर्षं मी मुलांना हे शिकवलं. शंकररावांची चिठ्ठी मी तशीच उघडली.

चार दुपारी आम्ही बसलो, त्यांच्याच घरी, दुसऱ्या मजल्यावर. ते कामावरून येऊन जेवलेले असायचे आणि डोळ्यांवर झोप असायची. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायची. त्यांच्याच तोंडून निघालेली वाक्यं मी कागदावर उतरवली, घासूनपुसून पुन्हा त्यांच्या तोंडात घातली. पहिलं वाक्य खरं त्यांचंच होतं. “या बिल्डिंगची पहिली वीट बसली तेव्हा मी डोक्यावर पोतं घेऊन इथनंच चाललो हुतो.” मी म्हटलं, ‘इथनंच’ तसंच राहू द्या, ते गोड आहे. त्यांना फार बरं वाटलं.

त्या घरातलं मला आज जे आठवतं, ते तेव्हा मला दिसत होतं का, हे मी सांगू शकत नाही. स्वयंपाकघराचं दार लावायचं तर शालनताई ते खालून उचलून मग ढकलायच्या. “दिवाळीपास्नं असंच अडतंय,” त्या म्हणायच्या. सकाळी केर काढला तरी दुपारी ओट्याच्या कडेला पिठासारखी पांढरी भुकटी साचलेली असायची. त्या ती फडक्याने पुसायच्या आणि त्याच हाताने फडकं झटकून ताकाचे पेले आणायच्या. एकदा मी कागदावर लिहीत असताना वरून काही कण अक्षरांवर पडले. मी फुंकर मारली आणि पुढचं वाक्य लिहिलं.

शालनताई दारात बसून सगळं ऐकायच्या. भाजी निवडता निवडता त्यांचं भाषण पाठ झालं. शंकरराव अडखळले की त्या मान वर न करता पुढचा शब्द पुरवायच्या. मी गमतीने म्हटलं, “तुम्हीच बोला ना रविवारी.” त्या म्हणाल्या, “मी बोलले तर खरंच बोलंन म्याडम. मंग पंचाईत.” आम्ही तिघंही हसलो.

शंकररावांच्या मूळ बोलण्यात शेवटाकडे एक वाक्य होतं. ‘पंपाजवळच्या खांबांवर काचा लावल्यात, त्या तडकल्या दिसल्या तर ज्याला दिसतील त्यानं लगेच ओरडावं आणि सगळ्यांनी खाली उतरावं.’ त्यांनी ते मला दोनदा लिहायला लावलं होतं. तिसऱ्या दुपारी मी पेन्सिल घेतली. सगळं भाषण धीर देत देत वर चढत होतं आणि नेमकं शेवटाला हे वाक्य त्याचे पाय ओढत होतं. मी ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘जी माणसं एकमेकांना धरून उभी आहेत, त्यांची बिल्डिंग कशी पडेल?’ वाचून दाखवलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

शंकररावांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. आवाज आपोआप भरून आला त्यांचा. शालनताई मात्र हातातली गवार तशीच धरून बसल्या होत्या.

“म्याडम, काचंचं काय सांगायचं न्हाई व्हय?”

“शालनताई,” मी म्हटलं, “भाषणात सगळं सांगायचं नसतं. ते नंतर बोर्डावर लिहून लावा.”

त्या भाजी घेऊन आत गेल्या, दार उचललं आणि लावून घेतलं.

रविवारी मीटिंगला मीही गेले, शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसले. माझं माणूस माझ्याकडे बघेल म्हणून. आधी तळमजल्यावरचा बळीराम उठला. बोनकोडे गावातला, प्लंबरचं काम करणारा. हातात पाना नसला की हातांचं काय करायचं हे त्याला सुचायचं नाही. “ही जमीन खाजनाची हाय, खाडीच्या पान्याची,” तो म्हणाला. “आमचे बापाची भातशेती व्हती इथं. पानी वरून नाय येत, खालून येतंय. मी पाइप खोलतो तवा बघतो ना.” मग तो थांबला. कोणीतरी विचारलं, पुढे काय? तो म्हणाला, “मना जास्त बोलता नाय येत,” आणि खाली बसला. मागे दोघं-तिघं हसले. माझ्या मनात आलं ते इथे लिहायला हवं. मी मनात म्हटलं, सुरुवात बरी होती, शेवट नाही जमला.

मग शंकरराव उभे राहिले. एका मुठीत बोट, नजर पंख्यावर. मला मान्य करावंच लागेल की इतकं चांगलं भाषण मी कोणाकडूनच करून घेतलं नव्हतं. ‘इथनंच’ला लोक हसले. गावाकडच्या पुरात वस्तीने एकमेकांना कसं धरून ठेवलं ते सांगताना बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं आणि क्षणभर थांबले, जसं मी सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. सामान बांधायला घेतलेली घरं त्याच संध्याकाळी सामान सोडू लागली. एक बळीराम तेवढा आठवड्याभरात बायकोमुलांना घेऊन गावातल्या भावाकडे राहायला गेला. लोक म्हणाले, भित्रा.

शंकररावांची नजर पंख्यावर होती म्हणून त्यांना एक दिसलं नाही, पण मला दिसलं. बाजूच्या भिंतीला टेकून, लोकांकडे तोंड करून शालनताई बसल्या होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्यांचे हात मांडीवर तसेच होते.

त्यानंतर पेढे आले माझ्याकडे. टेकू लागले, जूनमध्ये पाऊस लागला, बोर्डावर काही लिहिलं गेलं नाही. मी एकदा आठवण केली. शंकरराव म्हणाले, “आता कशाला म्याडम, उगं लोकांस्नी भ्या.” सुरुवातीला ते कामावर जाताना रोज टॉर्च मारून काचा बघायचे. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मला वाटतं, भाषण त्यांच्यावरही चाललं. इतक्या लोकांना पटलेली गोष्ट आपल्याला एकट्याला न पटवून घेणं फार अवघड असतं. मलाही पटली होती. त्या पावसात मी या खिडकीत बसून समोरच्या खिडक्यांमधले दिवे बघायची, आणि माझ्या छातीत अभिमान असायचा.

काच ऑगस्टमध्ये फुटली. जिना आणि आवार झाडणाऱ्या बाईला तुकडे पंपाजवळ जमिनीवर दिसले. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून तिने ते सुपलीत नीट गोळा केले, कागदात गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं, रडत नव्हे, नुसतं सांगितलं. “मला काय ठाव ती कसली काच,” ती म्हणाली. “कोनी बोललंच नाय कधी.”

दोन दिवसांनी, दुपारी, मागच्या अंगाची स्वयंपाकघरं एकावर एक खाली आली. आवाज मला वाटला असता तितका मोठा नव्हता. ट्रकमधून एकदम पोती सोडावीत तसा झाला, आणि मग खूप वेळ काही नाही. धूळ माझ्या खिडकीपर्यंत आली. बहुतेक माणसं कामावर, मुलं शाळेत. शंकरराव पुढच्या खोलीत झोपले होते, ते वाचले. शालनताई आत होत्या, आणि आतलं दार लावलेलं होतं. ते आत अडकलेल्या माणसाला घाईत उघडण्यासारखं दार नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेलं की चार शब्द बोलावे लागतात. शोकसभेत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मॅडम बोलतील म्हणून. मी उठले. पहिलं वाक्य नव्हतं, शेवटचं नव्हतं, मधलं तर नव्हतंच. किती वेळ उभी होते माहीत नाही. मग बसले. बळीराम आला होता, तो शेवटच्या रांगेत मान खाली घालून होता.

सभा संपल्यावर शंकरराव माझ्याजवळ आले. मला वाटलं आता ते बोलतील, आणि मला ते हवंही होतं. ते म्हणाले, “म्याडम, त्या दिशीचं भाषन लय चांगलं झालं हुतं. शालन सारखी म्हनायची.” आणि त्यांनी मला नमस्कार केला. ते आता गावी असतात. त्यांचा मुलगा सांगतो की फारसं बोलत नाहीत.

तो कागद माझ्याजवळ आहे. पेन्सिलीची रेघ एकच आहे, फार जोर लावून मारलेली नाही. खालचं सगळं वाचता येतं.

त्यानंतर मी कोणाला भाषण बसवून दिलं नाही. मुलांच्या आया यायच्या, मी तब्येतीचं कारण सांगायची. तीन वर्षं निभावलं. मग गेल्या बुधवारी प्राची आली. माझी जुनी विद्यार्थिनी, घणसोली गावात राहते, लॅबमध्ये नोकरी करते. शाळेत तिला मी स्टेजवर नेहमी तिसऱ्या नंबरला ठेवायची, कारण तिचा आवाज कापायचा आणि तो काही केल्या जात नव्हता.

“मॅडम, टेन्शन आलंय,” ती खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली. “आमच्या बिल्डिंगला पण इंजिनिअर आलेला. काचा लावून गेला. आमी चोवीस भाडेकरू आहोत, मालक म्हणतो पावसाळा जाऊ दे मग बघू. रविवारी सगळे जमणारेत. मी बोलणारे. लोकांनी निघायला पाहिजे मॅडम, पण माझं ऐकणार कोण? तुमी बसवून द्या ना.”

तिने दोन कागद पुढे केले. मी ते घेतले नाहीत. मी तिला सांगितलं की मी हे सोडलंय. ती म्हणाली, माहीत आहे, समोरच्या बिल्डिंगचं मला माहीत आहे, म्हणूनच आले. मला भीती वाटत होती. मी हात लावला की ते भाषण चांगलं होईल, आणि चांगलं झालेलं भाषण काय करतं हे मी पाहिलंय. हात नाही लावला, तर बळीरामसारखी ती अर्ध्यात बसेल आणि लोक हसतील.

शेवटी मी चष्मा लावला. तिने वर्गात शिकल्याप्रमाणे सगळं केलं होतं. सन्माननीय उपस्थितांपासून सुरुवात, मग एकीचं महत्त्व, मग दोन सुविचार. काचेची गोष्ट दुसऱ्या पानावर, खाली, जेमतेम एका ओळीत होती. मी पेन्सिल घेतली. मी पहिलं पान सगळं खोडलं आणि ती ओळ उचलून वर नेऊन ठेवली.

“याने सुरुवात?” ती म्हणाली. “मॅडम, लोक घाबरतील ना.”

“घाबरू देत.”

“आणि शेवट काय करू?”

“शेवट नको. सांगून झालं की बस.”

तिने वाचून पाहिलं. तिसऱ्याच शब्दाला आवाज कापला. तिने सवयीने डावं बोट मुठीत धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते सोड. आणि पंख्याकडे बघू नकोस. समोर ज्या बाईला सगळ्यात जास्त भीती वाटतेय असं दिसेल, तिच्याकडे बघ. शाळेत मी हिला तिसऱ्या नंबरला ठेवायची, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

परवा रविवारी सकाळी मी घणसोलीला गेले. गावातल्या अरुंद गल्लीत, दोन्हीकडून हात लावता येतील अशा भिंतींमध्ये ती सहा मजली बिल्डिंग उभी आहे. आकाश वर पट्टीसारखं, आणि त्यात ढग आलेले. खालच्या जागेत मोटारसायकली बाजूला सारून माणसं बसली होती. कामगार, रिक्षावाले, कडेवर मुलं घेतलेल्या बायका. एक माणूस येऊन सांगून गेला की मालक दुपारी येतील, घाई करू नका, त्यांचं ऐकून घ्या. तो चांगलं बोलत होता. लोक माना डोलवत होते.

प्राची उठली. माइक नव्हता. सन्माननीय वगैरे काही नाही. ती समोरच्या एका गरोदर बाईकडे बघत म्हणाली, “मागच्या खांबाला काच लावलीये. ती फुटली, तर त्या दिवशी निघायचं. कुणाला विचारायचं नाही.” आवाज इतका कापत होता की मागच्यांनी विचारलं, काय म्हणाली? तिने पुन्हा तेच म्हटलं. मग तिला पुढचं आठवेना. ती तशीच उभी राहिली, कागद हातात. आणि मी तिला मदत केली नाही. बसल्या जागी माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती, मी ती गिळली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी हसलंही नाही. ती गरोदर बाई नवऱ्याला हळूच काही म्हणाली. नवरा उठला आणि बिल्डिंगच्या मागे गेला. त्याच्या मागे दुसरा गेला. मग आणखी चार-पाच. प्राचीसमोर सात-आठ खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि ती माझ्याकडे बघायला लागली, भाषण पडलं असं वाटून.

मागून त्या नवऱ्याचा आवाज आला. “काच तडकलेली आहे. कोणीतरी वरून टेप लावलीये.”

पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ, बनियन घालून बसलेले, हळूच म्हणाले, “मीच लावली. मंगळवारी. पोरं खेळतात तिथं, हाताला लागंल म्हनून.”

मालक यायच्या आत, बाराच्या सुमाराला, पहिला गॅस सिलिंडर कोणाच्यातरी खांद्यावर जिन्यावरून खाली आला.